लांडगा पुरा आला नाही

मेढा, ८ एप्रिल १९७७

भाऊसो,

पाकीट जोतिबाच्या हॉटेलच्या पत्त्यावर मिळालं. फोटो मिळाले. फोटोंच्या पाठीवर तू जी पेन्सिल फिरवली आहेस तीही मिळाली. तिथंच बाकड्यावर बसून वाचली आणि चहा तसाच टाकून उठलो. जोतिबा म्हणाला, "काय रं, कोण गेलं का?" म्हटलं, कोण गेलं नाही, मैतराचं पत्र आलंय.

"खरं काय ते लिही, मन राखू नको," असं मीच तुला म्हणालो होतो. ते कबूल. पण खरं लिही म्हटलं म्हणून माणसानं एखादं बरं अक्षर लिहूच नये का? तुझ्या वडलांच्या स्टुडिओत लग्नाची जोडी येते तेव्हा असंच बोलतोस का, की नवरी नीट बसली नाही आणि नवरा तर बसायलाच नको होता?

शेकरूच्या मागं लिहितोस, "मधोमध ठेवलंस." मग कुठं ठेवू गड्या? कोपऱ्यात उभं करू? त्यानं काय पाढे म्हटले नाहीत का? सशाच्या मागं लिहितोस, "ससा सगळा दिसतो, पण ससेपणा दिसत नाही." हे वाक्य मी जोतिबाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ससेपना मंजी कुठला भाग? रश्श्यात घालत्यात तो?" मी नववीत शाळा सोडली, ससेपणा बहुतेक दहावीला होता.

घोरपडीच्या मागं, "उभ्यानं काढलास. खाली बस. तिच्या डोळ्याला तुझा डोळा लागला पाहिजे." भाऊसो, तू माधवनगरात गिरणीच्या भोंग्यावर उठणारा माणूस. तू कधी घोरपडीसमोर पोटावर झोपला आहेस? इथले दगड असे तापतात की वर भाकरी टाकावी. मी एकदा झोपून बघितलं. घोरपड निघून गेली आणि सदऱ्यात मुंग्या राहिल्या.

परवा इथल्या डोंगरात एक मध काढणारा भेटला. त्याच्या मागं दिवसभर हिंडलो. झाडावर कसं चढायचं, धूर कुठल्या अंगानं द्यायचा, सगळं बघितलं. मध काय मिळाला नाही, तो दुसऱ्यानं आधीच नेलेला. कॅमेरा झोळीतच राहिला आणि उतरताना दोन भेकरं आमच्यासमोरून उड्या मारत गेली. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलं.

मुद्द्याचं बोलतो. आबांची अट तुला माहीत आहे, तरी परत लिहितो, कारण ती विसरल्यासारखी तुझी पेन्सिल चालते. दिवाळीनंतर सांगलीत तुमच्या हौशी फोटोवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन. त्यात माझा एक फोटो लागला तर आबा मला आणखी एक वर्ष रानात हिंडू देणार. नाही लागला तर कॅमेरा फौजेतल्या चुलत्याला परत आणि मी उसाला पाणी पाजायला. बाप असले तरी आबा एकदा बोलले की बोलले. आणि फोटो निवडणाऱ्या तिघांत तू एक आहेस. तेव्हा जरा हळू.

तुझा,
गुंडा

पाटण, २२ मे १९७७

भाऊसो,

गव्याचा फोटो परत आला. मी इतका खूश होतो की रोल पोस्टात टाकायच्या आधी इथल्या चार जणांना तो गवा कसा उभा होता ते करून दाखवलं होतं. आणि तू मागं काय लिहितोस? "खरसुंडीच्या बाजारात उभा केल्यासारखा दिसतो. दावं तेवढं राहिलं."

आता ऐक, तो कसा काढला ते. कोयनेच्या अंगाला एका झऱ्यावर मी पालापाचोळा अंगावर घेऊन बसलो होतो. मादी आली, खाली वासरू. तिनं पाण्यातून तोंड काढलं तर हनवटीवरून पाणी गळतंय, नाक फेंदारलेलं आणि सरळ माझ्याकडं बघतेय. मी बटण दाबलं नाही. वासरानं तिच्या पोटाखालून डोकं काढून कान हलवले. तरी दाबलं नाही. बोट दुखायला लागलं, पण थांबलो. शेवटी ती वळून आडवी उभी राहिली. दोन्ही शिंगं, पाठीचा उंचवटा, चारी पायांतले पांढरे मोजे, शेपटीचा गोंडा, सगळं एका नजरेत. तेव्हा दाबलं. आणि तू म्हणतोस बाजार!

हो, बाजार. मग? दर बेंदराला आमच्या गावातल्या बैलांचे फोटो कोण काढतं? मी. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, आणि मालक शेजारी दम धरून उभा. बैलाचा एक पाय दुसऱ्याच्या आड गेला तर मालक फोटो परत करतो. "माझा बैल तीन पायाचा केलास व्हय रं?" म्हणतो. शेपटी आली नाही तर दुप्पट बोंब. आणि ही नजर मला आबांनी दिली आहे. खिलार खोंड घ्यायचं म्हटलं की पाच गावची माणसं आबांना खरसुंडीला घेऊन जातात. आबा खोंडाला आडवं उभं करतात, लांब जातात, डोळे बारीक करतात आणि मग एक शब्द बोलतात. मी सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या धोतराला धरून ते बघत आलोय. तेव्हा तू माझ्या गव्याला नाव ठेवलं नाहीस, आबांच्या नजरेला ठेवलंस.

आता माझीही पेन्सिल घे. तुझा तो बक्षीस मिळालेला फोटो, कृष्णेच्या घाटावर धुकं आणि लांब कुठंतरी एक बगळा. तू मला कौतुकानं दिलेला. मी तो आबांना दाखवला. ते नखानं खरवडायला लागले. म्हणाले, "चुना पडलाय ह्याच्यावर." भाऊसो, तू पायरीवरून खाली उतरला असतास, गुडघाभर पाण्यात गेला असतास, तर तो बगळा झाला असता. पण बूट भिजले असते ना! तुला धुकं बरं पडतं. धुक्यात काय चुकलंय ते कुणाला दिसत नाही.

हे वाचून तुला लागलं तर लागू दे. मलाही लागलंय.

आजपासून तुझी माझी मैत्री संपली. तू फक्त माझे रोल धुणारा, कारण सातारा-सांगलीत मला उधारीवर रोल धुणारा दुसरा कुणी माहीत नाही.

गुंडा

आटपाडीच्या पुढचा माळ, १८ सप्टेंबर १९७७

भाऊसो,

बोलणं बंद आहे. हे पत्र नव्हे, रोलबरोबरची चिठ्ठी आहे.

गेला महिनाभर मी इथं माळावर धुळा आणि हरणाबाईच्या मेंढरांबरोबर आहे. नवरा-बायको दोघंच, शंभरावर मेंढरं, दोन कुत्री. धुळा कमी बोलतो, हरणाबाई त्याच्या वाटणीचंही बोलते. तिनं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुला घरदार न्हाई व्हय?" म्हटलं, आहे, चांगला ऊस आहे. "मग हितं कुसळात का मरतोस?" म्हटलं, लांडग्याचा फोटो काढायचाय. ती धुळाला म्हणाली, "आवं, ह्याला लांडगा पायजे. आपल्याला नगं झालाय, ह्याला पायजे. घेऊन जातोस का बाबा घरला?"

धुळा म्हणाला, "त्यो फोटूला उभा ऱ्हातोय व्हय? त्यो काय नवरदेव हाय?"

मधे तीन-चार दिवस मी इथून पुढच्या गावात कुस्त्या बघायला गेलो. तालमीतला एक जण ओळखीचा निघाला. तिथंच राहिलो, जेवलो, एका पैलवानाचा फोटोही काढला, तो या रोलवर पहिलाच आहे, त्याची एक प्रत जास्त छाप. परत आलो तर हरणाबाई म्हणाली, "काल आल्ता तुझा पावना. तूच न्हवतास." माझं डोकं असं फिरलं! पण कुणावर चिडणार?

त्यानंतर मात्र जागचा हललो नाही. आणि काल सकाळी आला.

मेंढरं रात्रीची जाळीच्या कुंपणात असतात. उजाडलं, हरणाबाईनं जाळी सोडली, मेंढरं भसाभसा बाहेर पडायला लागली. धुळा कुत्री घेऊन पलीकडच्या अंगाला होता. मी हरणाबाईच्या मागं आठ-दहा पावलांवर. एकदम सगळी मेंढरं गप्प झाली आणि एकमेकांना चिकटली. हरणाबाईनं पुढच्या मेंढीच्या पाठीवर हात दाबला आणि जागीच थांबली. लांडगा मेंढरांच्या पलीकडं, अगदी जवळ. पण दिसेल तर शपथ! पाठीच पाठी. मधेच कान दिसतात, मधेच डोळे. मी घाईघाईत दोन-तीनदा दाबलं. ते सगळे वाया गेले, ते छापू नकोस, कागद फुकट जाईल. हरणाबाई दबक्या आवाजात म्हणते, "आरं मुडद्या, फोटू काय काढतोस, दगूड हाण!" मी म्हटलं, थांब, पुरा येऊ दे.

तो मेंढरांत शिरला नाही. कुत्र्यांनी वास घेतला, भुंकली, तसा निघाला. आणि भाऊसो, समोरच्या उतारावर जाऊन थांबला. आडवा! दोन कान, चार पाय, शेपूट, सगळा मोकळ्या रानात. मी दाबलं आणि मोठ्यानं ओरडलो.

धुळा आला. "आला का फोटूत?"

"शेवटी आला. पुरा."

"मंजी आमच्यात हुता तवा न्हाई आला, आन निघून गेल्यावर आला?" असं म्हणून हसला. त्याला फोटोतलं काय कळतं!

तर तो उतारावरचा फोटो छाप, मोठा छाप आणि निवडणाऱ्या तिघांपुढं ठेव. या वेळी पाठीवर लिहायला तुला काही सापडणार नाही.

गुंडा

घरी, ९ नोव्हेंबर १९७७

भाऊसो,

दिवाळीच्या तोंडावर तुझं पत्र आलं. आई करंज्या तळत होती, मी कढईजवळ बसून फोडलं. वाचून झाल्यावर आई म्हणाली, "ऊठ तिथनं, तुझं तोंड बघून तेल कडू व्हईल."

"उतारावरचा फोटो आम्ही तिघांनीही नाकारला. पहिल्यानं विचारलं, कुत्रं कुणाचं? दुसरा म्हणाला, चांगलं पाळलंय."

कुत्रं! महिनाभर कुसळं खाल्ली, तुमच्या त्या दोन शहाण्यांना माझा लांडगा कुत्रं दिसला! आणि तू काय केलंस? तू सांगितलंस त्यांना? का तूही हसलास? पुढं समजावतोस, "लांडगा लांब, एकटा, रिकाम्या उतारावर. त्याच्यापासून कुणाला काही धोका नाही. मग तो लांडगा कशावरून?" हे तू चांगल्या मनानं लिहिलं असशील. मला त्या पानाचे तुकडे करून चुलीत घालावेसे वाटले. घातलं नाही, कारण खालचा मजकूर वाचायचा राहिला होता.

आणि खालचा मजकूर तर कहर. जो फोटो वाया गेला म्हणून मी छापू नको म्हटलं, तोच तू छापलास. मेंढरांच्या पाठीतला. वर त्याची एक बाजू कापलीस. "डाव्या कडेला कोपरापासून तुटलेला एक हात येत होता, शिवाय हललेला, म्हणून काढला. आता नजर सरळ डोळ्यांवर जाते." आणि माझ्या नावानं तो निवडीत ठेवलास. आणि तो निवडला गेला.

मला विचारलंस? एक कार्ड टाकायला काय झालं होतं? मी ज्याला माझा म्हणतो तो कुत्रा, आणि जो मी फेकून दिला तो माझा? उद्या मला वाट्टेल ते पाठवीन, तू वाट्टेल तसं काप आणि खाली लिही, छायाचित्रकार गुंडा. मग मी रानात जायचं कशाला? तूच माधवनगरात बसून कात्री चालव.

घरात मात्र आनंदीआनंद. आईनं देवापुढं साखर ठेवली. आबा म्हणाले, "लागला न्हवं? मग वरीस तुझं. पर मी बघायला येनार. पाच गावच्या मानसांनी इचारलं तर सांगायला पायजे, काय हाय त्यात."

मी फोटो अजून बघितलेला नाही. बघायची इच्छाही नाही.

गुंडा

घरी, २५ नोव्हेंबर १९७७

भाऊसो,

काल आबांना घेऊन सांगलीला गेलो. तू लग्नाच्या ऑर्डरीवर गेला होतास असं दारावरचा माणूस म्हणाला. बरं झालं. समोर असतास तर तिथंच जुंपली असती. हे पत्र नीट वाच, यात भांडण आहे, पण नुसतं भांडण नाही.

आबा नवा पटका बांधून आले होते. प्रत्येक फोटोसमोर लांब उभं राहून डोळे बारीक करायचे आणि पुढं जायचे. तुझ्या घाटाच्या नव्या फोटोसमोरही थांबले, ते तुला मुद्दाम सांगतो. मग माझा आला. खाली माझं नाव. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "आरं, ह्यात काय हाय? मेंढरांच्या पाठी. बाजारातनं परत निघाल्यात जनू." मी मान खाली घातली. ते बघायला जवळ गेले. आणखी जवळ. आणि एकदम दोन पावलं मागं आले, मागच्या बाईंच्या पायावर पाय पडला.

"बघतोय की त्यो!"

मोठ्यानं बोलले. हॉलमधले सगळे वळले. आबांचा हात खांद्याकडं गेला होता, काठी असते तिथं. तेव्हा पहिल्यांदा मी तो फोटो बघितला. पाठी, लोकर, त्यावर सकाळचं ऊन, आणि दोन पाठींच्या फटीत ते डोळे. पाय नाहीत, शेपूट नाही, अर्धा कान. आणि लांडगा असा की कुणी कुत्रा म्हणणार नाही.

तर तू बरोबर होतास. घे. लिहिताना हात जड झालाय, पण लिहिलं.

आता पुढं. आबा परत जवळ गेले आणि म्हणाले, "कुनाकडं बघतोय पर?"

"हरणाबाईकडं."

"कुठाय ती?"

"कापली."

"कुनी?"

"भाऊसोनं."

आबा पुढच्या फोटोकडं गेले. पण मी तिथून हललो नाही. मला ती सकाळ दिसायला लागली. भाऊसो, तो हात म्हणजे कडेला आलेली अडगळ नव्हती. त्या हाताखाली मेंढी दाबून उभी होती, म्हणून पुढची मेंढरं फुटली नाहीत. मेंढरं फुटली असती तर तो आत शिरला असता. तो त्या हाताकडं बघत थांबला होता. तू हात काढलास आणि तो हवेत बघायला लागला. आता लोक त्याला बघून दचकतात, हसतात, पुढं जातात. मी तासभर एका बाजूला उभं राहून बघितलं. प्रत्येक जण दचकला आणि पुढं गेला. हात असता तर थांबले असते. दोघांमधे काय चाललंय ते बघत बसले असते.

हललेला आहे म्हणतोस. मेंढी थरथरत होती, हात हलणारच. कोपरापासून तुटलाय म्हणतोस. मला तू बाजारवाला म्हणालास ना? मग तू कोण? तू पासपोर्टवाला! स्टुडिओत तुटका हात चालत नाही, गिऱ्हाईक भांडतं, म्हणून माळावरही चालत नाही? माझ्या नजरेला दावं बांधलंय, तुझ्या नजरेला मागचा पडदा लावलाय.

आणि सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? हे मला माळावर दिसलं नाही. रोल पाठवताना दिसलं नाही. तू कापलंस म्हणून दिसलं. तू न विचारता केलेल्या चुकीनं मला माझाच फोटो कळला. याबद्दल तुझे आभार मानायचे की तुला कृष्णेत ढकलायचं, हे मला अजून ठरवता येत नाही.

बाहेर उसाचा रस पिताना आबांना सांगितलं की हा असा नको, पुरा लावा नाहीतर माझं नाव काढा, असं मी मंडळाला कळवतोय. आबांनी ग्लास खाली ठेवला. "येडा हायस का? पाठ टेकवल्याली कुस्ती सोडतोस व्हय रं?"

म्हटलं, पाठ मी टेकवली नाही, भाऊसोनं टेकवली.

"नाव काढलंस तर अट मोडली. मग म्या आयकायचा न्हाई. परवाच्या पाण्याच्या पाळीला फावडं तुझ्या हातात."

म्हटलं, असू दे.

एस्टीत आम्ही दोघं एका बाकावर बसलो. इस्लामपूरच्या पुढं आबा एवढंच म्हणाले, "बाईचा हात काळा हाय का गोरा?" म्हटलं, काळा, मनगटात चांदीची पाटली.

प्रदर्शन पुढच्या रविवारपर्यंत आहे. निगेटिव्ह तुझ्याकडं आहे. पुरी छाप, हातासकट, आणि ती लाव. ते दोघं नाही म्हणाले तर माझं नाव खरवडून टाक. मी पाणी पाजायला जाईन, पण तो लांडगा हवेत बघत माझ्या नावावर राहणार नाही.

गुंडा

घरी, १४ डिसेंबर १९७७

भाऊसो,

पुरा फोटो लागला हे आधी दुसऱ्याकडून कळलं. शेवटचे दोन दिवस, दाराच्या आड, दार उघडलं की झाकला जाईल असा. त्या दोघांशी तू भांडलास हेही कळलं. नाव राहिलं. आबा म्हणाले, "दाराआड का असंना, लागला." वर्ष मिळालं. फावडं मात्र परवाच्या पाळीला हातात दिलंच, म्हणाले, वर्ष उद्यापास्नं.

तू फोटो घरी पाठवलास, त्यासोबत चिठ्ठीत "हात हवा होता" एवढंच. गड्या, मी तुला तीन पानं शिव्या लिहिल्या, तू तीन शब्द! एखादी शिवी तरी परत द्यायची होतीस. मला कसं करमणार?

बरं, आता नवी भानगड ऐक. धुळा आणि हरणाबाई मेंढरं घेऊन दरवर्षीसारखी खाली नदीकाठाला आली आहेत. यंदा आबांनीच निरोप धाडून मेंढरं आमच्या मोकळ्या रानात बसवली, खतासाठी. मला वाटलं खतासाठी. पण पहिल्या दिवशी आबा रानात गेले, हरणाबाईच्या मनगटाकडं बघून आले आणि जेवायला बसले.

मी मोठ्या हौसेनं फोटो घेऊन गेलो. हरणाबाईनं हात पुसले, फोटो उन्हात धरला.

"ही पाटली माझी."

"व्हय."

"आन मी कुठं हाय?"

"हीच की. हा हात."

"हात दिसतोय मला! मी कुठं हाय?"

धुळानं डोकावून बघितलं आणि हळूच दुसरीकडं गेला, तो शहाणा आहे.

मी सांगायला लागलो. म्हटलं, मावशी, सगळं दिसलं म्हणजे फोटो चांगला असं नसतं. लांडगा कुणाकडं बघतोय हे कळलं पाहिजे, तुझा हात हाय म्हणून ह्याच्यात जीव हाय. बोलता बोलता माझ्या ध्यानात आलं की मी तुझीच वाक्यं बोलतोय, भाऊसो, पेन्सिलीसकट. मला माझाच राग आला.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मंजी लांडगा पुरा न्हाई, मेंढरं पुरी न्हाईत, मी पुरी न्हाई. मग ह्यात पुरं काय हाय रं मेल्या? जित्या बाईचा हात तोडून गावच्या भिंतीवर टांगलास! उंद्या मी मेले तर माझी पोरं काय बघत्याल, पाटली?"

तू असतास तर काय बोलला असतास? तिचं चुकलंय असं म्हणता येईना, फोटो चुकलाय असंही म्हणता येईना. दोन्ही खरं आणि दोन्हींनी डोकं उठलेलं.

शेवटी म्हटलं, उभी राहा. ती म्हणाली, थांब, आणि पालाच्या मागं जाऊन हिरवं लुगडं नेसून आली. धुळा शेजारी येऊन उभा राहिला, त्याला हातभर लांब सारलं, "तू नगं, माझा एकलीचा काढू दे." आबा बांधावर येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून म्हणाले, "जरा डावीकडं, बाई. ऊन तोंडावर येऊ दे." ती सरकली. मी आबांकडं बघितलं, ते दुसरीकडं बघायला लागले.

काढला. पायातल्या वहाणांपासून डोईवरच्या पदरापर्यंत, एकटी, सरळ माझ्याकडं बघणारी. दाबून झालं तरी काचेवरचा डोळा मी काढला नाही. का ते मला माहीत नाही. तुझ्या कुठल्याच वाक्यात बसत नाही.

रोल सोबत आहे. छाप, मोठा छाप. पण पोस्टानं पाठवू नकोस. मेंढरं आमच्या रानात शनिवारपर्यंत आहेत, मग पुढच्या गावाला जाणार. त्याच्या आत तू स्वतः घेऊन ये. बूट घालून येऊ नकोस, रानात चिखल आहे.

आणि तयारीनं ये. हात कुणी तोडला असं ती विचारत होती, मी तुझं नाव सांगितलंय. खरं तर फोटो काढताना कोपरापासून तोडला तो मी, आणि हात तेवढा ठेव असंही मीच म्हणालो होतो, पण तिच्यासमोर एकट्यानं उभं राहायची माझ्यात ताकद नाही. दोघं मिळून ऐकून घेऊ.

तुझा,
गुंडा